हात शाबूत, तर हुन्नर शाबूत



मेळघाटचे सागवान परतवाड्याच्या बाजारातून आपल्या वऱ्हाडातील सुतारांच्या हाती येते. अमरावती-अकोल्यात आपली जी मुले एखाद्या उस्तादाच्या हाताखाली फर्निचरचे काम शिकतात, त्यांच्याविषयी आज दोन शब्द बोलावयाचे आहेत. हा हुन्नर मानाचा आहे. परंतु तो दहा बोटांवर उभा आहे.

टेबलावरील गोल आऱ्याचे दहा इंची पाते मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग ताशी सुमारे 140 किलोमीटर होतो. धोका केवळ बोट लागण्याचा नाही. फळी उभी चिरताना कधी मागची चीर मिटते, पाते आवळले जाते आणि वर येणारे मागचे दाते फळी उचलून कारागिराच्या अंगावर फेकतात. फळीवरचा हातही तिच्याबरोबर ओढला जातो. म्हणून चीर उघडी ठेवणारी पोलादी पट्टी पात्यामागे हवी आणि पात्यावर झाकण हवे. कामात अडथळा होतो म्हणून ती काढून ठेवणे ही हुशारी नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, जुन्या लाकडातील खिळे आधी काढा. पाते फळीच्या जाडीपेक्षा थोडेच वर ठेवा. पात्याच्या सरळ रेषेत उभे न राहता बाजूला उभे राहा. अरुंद फळी बोटांनी नव्हे, काठीने पुढे सरकवा. हातमोजे, गळ्यातला रुमाल, सैल बाही नको. डोळ्यांवर चष्मा हवा. नाकावर पट्टी हवी, कारण लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये जाहीर केले आहे. बटण बंद केल्यावरही पाते काही वेळ फिरते. ते थांबेपर्यंत तुकडा उचलू नका.

पालकांनो, कोवळ्या वयाच्या कामगारास धोकादायक यंत्रावर लावण्यापूर्वी त्याला धोका समजावून सांगावा, आणि पुरेसे शिक्षण किंवा जाणकाराची देखरेख असावी, अशी अट 1948 च्या कारखाना अधिनियमानेच घातली होती. मग मुलाला कामावर पाठवताना आपण फक्त पगार विचारून का परतावे? आऱ्यावर झाकण आहे काय, शिकवणार कोण, हेही विचारा. चांगला उस्ताद या प्रश्नाने रागावणार नाही. जो रागावेल, त्याच्या हाती मूल सोपवू नका.

पगार आज कमी मिळाला तर उद्या वाढेल. गेलेले बोट मात्र परत येत नाही.