हिशेब कोणाला द्यायचा?

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला आहे 'आपत्ती आणि समाजसेवा'. कौतुकाचे भाषण अपेक्षित असेल तर आधीच माफी मागतो, कारण कौतुक भरपूर झाले आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले. आदल्या दिवशी बकरी ईद होती, तुमच्यातल्या कोकणच्या मुलांना आठवत असेल. पुढचा आठवडाभर आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकच चित्र होते: गुडघाभर चिखलात फावडी घेऊन उभी असलेली पोरे. त्या पोरांबद्दल मी एक शब्दही वाकडा बोलणार नाही. चिखल उपसणे हे त्या आठवड्यातले सर्वांत मोलाचे काम होते आणि त्याची पावती कुणी फाडली नाही. माझी तक्रार आहे ती पावत्या फाडणाऱ्या संस्थांबद्दल, आणि पैसे देऊन मोकळ्या होणाऱ्या आपल्या सगळ्यांबद्दल.

मी पोटापाण्यासाठी ट्रस्टचे हिशेब तपासतो. त्यामुळे फोटोंपेक्षा वह्या बघायची सवय लागली आहे. वह्यांमध्ये पूर फार वेगळा दिसतो.

चिपळूणला नुसती घरे बुडाली नाहीत, बाजार बुडाला. वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी पेठेत शिरले आणि तळमजल्यावर होते ते सगळे गेले. कापडाच्या दुकानातला माल, किराणा, वेल्डिंगची यंत्रे, शिलाई मशीन, रिक्षा, चहाच्या टपरीचा फ्रीज. म्हणजे माणसाचे आजचे जेवणच नाही, तर उद्या कमावण्याचे साधन वाहून गेले. आणि गाड्या भरभरून काय आले? तांदूळ, डाळ, बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या आणि जुने कपडे. पहिल्या आठवड्यात अन्न हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण दहाव्या दिवशीही तेच येत होते. आणि जुन्या कपड्यांचे काय होते ते प्रत्येक पुरात दिसते. रस्त्याच्या कडेला ढीग, वर पाऊस. आपण कपाट रिकामे केले आणि त्याला दान म्हटले.

असे का होते? कारण मदत घेणाऱ्याला कुणी विचारतच नाही. रेशन किट दिसते, त्यावर बॅनर लावता येतो, हातात देताना फोटो निघतो. शिलाई मशीनचा हप्ता भरला तर फोटो कशाचा काढणार? २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात सरकारी धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांचे आणि आमदाराचे फोटो चिकटवले म्हणून आपण सगळे चिडलो होतो. बरोबरच होते. पण आपल्या किटवर ट्रस्टच्या अध्यक्षांचा फोटो असतो तेव्हा आपण तो स्टेटसला ठेवतो. देताना डाव्या हातालाही कळू नये अशी शिकवण आपली. इथे तर पूर्ण जिल्ह्याला कळते, आणि ज्या बाईच्या हातात ते किट आहे तिचा चेहराही कळतो. तिला विचारले होते का?

हे फक्त आपल्या समाजात होते असे नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. कितीतरी गावे संस्थांनी दत्तक घेतली. अनेक ठिकाणी शहरातल्या कॉलनीसारख्या सरळ रांगा उभ्या राहिल्या. गुरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, सासू-सून ओट्यावर कुठे बसणार, याचा विचार नकाशात नव्हता. देणाऱ्याला जे घर चांगले वाटले ते घर.

उलट उदाहरणही सांगतो, म्हणजे मी नुसताच किरकिऱ्या आहे असे वाटायला नको. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेकडे जगभरातून पैशांचा ओघ लागला. काही दिवसांतच त्यांनी जाहीर केले की त्सुनामीसाठी आम्हाला पुरेसे मिळाले आहे, आता त्यासाठी पाठवू नका, आणि जे दिले आहे ते दुसऱ्या संकटात वापरायची परवानगी द्या. आपल्या वर्गणीच्या टेबलावर बसलेल्या एकाही माणसाच्या तोंडून "बस, पुरे झाले" हे शब्द मी आजवर ऐकलेले नाहीत.

पुरे झाल्यावर उरलेल्या पैशांचे काय होते, ते मला वह्यांत दिसते. एका संस्थेचे सांगतो, नाव घेणार नाही. पुराच्या नावाने गोळा केलेली बरीच रक्कम दोन वर्षांनंतरही मुदत ठेवीत होती. त्याच फाइलमध्ये एका विधवा बाईचा अर्ज होता, शिलाई मशीनसाठी. शेरा काय, तर "सदर निधी रेशनसाठी आहे." खोटे नव्हते. दात्यांनी रेशनसाठीच दिले होते, आवाहनात रेशनच लिहिले होते. कुणीही एक रुपया खाल्ला नव्हता. ऑडिट स्वच्छ होते. पैसा बँकेत सुरक्षित होता आणि ती बाई लोकांच्या घरी भांडी घासत होती. चोरीपेक्षा या प्रामाणिकपणाचा मला जास्त राग येतो.

दुसरा एक दावा आपल्याला फार आवडतो: "शंभर टक्के पैसा गरजूंपर्यंत." अरे, टेम्पोचे डिझेल कोण भरतो? यादी कोण करतो, घरोघर जाऊन खरे-खोटे कोण तपासतो? हा खर्च होतोच. मग तो लपवला जातो, किंवा तपासणीच होत नाही आणि तीन किट एकाच घरात जातात. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यात जकात गोळा करणारे, तिची व्यवस्था पाहणारे लोकही आहेत. म्हणजे व्यवस्थेचा खर्च हा गुन्हा नाही, हे चौदाशे वर्षांपूर्वी मान्य झाले. आपण मात्र फुकट काम करणारा कार्यकर्ता मागतो आणि तो थकून गेला की संस्था बंद पडते. सरकारनेही यात भर घातली आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली बदल झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेने आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देणे बंद झाले. ज्या छोट्या स्थानिक गटाला गल्लीतले घर न् घर माहीत आहे, त्याच्यापर्यंत मोठ्या संस्थेचा तो पैसा पोहोचण्याचा रस्ताच तुटला.

आणखी एक प्रश्न तुम्ही मला नेहमी विचारता, तो टाळत नाही. पुरात शेजारच्या हिंदू घराला जकातीतून द्यावे का? बहुतेक उलेमा जकात मुसलमानांपुरती मानतात, सदका सर्वांना देता येतो. मग निधी गोळा करतानाच दोन वेगळी खाती करा आणि पुराचे आवाहन सदक्याचे करा. एका भिंतीच्या दोन बाजूंना सारखेच पाणी चढले असताना एका दारावर किट आणि दुसऱ्यावर नाही, हे मला तरी सहन होत नाही.

आता हिशेबाकडे येतो. कुणी हिशेब मागितला की ट्रस्टी म्हणतात, "आम्हाला अल्लाहला हिशेब द्यायचा आहे." द्याच. पण ज्याच्या नावाने चंदा मागितला त्याला आधी द्या. हजरत उमर यांचा तो किस्सा आपण लहानपणापासून खुतब्यात ऐकतो. सगळ्यांना कापडाचा एकेक तुकडा मिळाला, तुमच्या अंगावर दोन कसे, असे भर सभेत खलिफाला विचारले गेले; मुलाने आपला तुकडा वडिलांना दिल्याचे सांगितल्यावरच लोक पुढचे ऐकायला तयार झाले. किस्सा ऐकून आपण सुभानअल्लाह म्हणतो. आणि नमाजनंतर कुणी वर्गणीच्या डब्याबद्दल विचारले तर त्याला फितना पसरवणारा म्हणतो.

"बाहेर बोलू नका, आधीच आपल्याकडे संशयाने बघतात," हेही ऐकतो. संशयाने बघतात म्हणूनच कागद चोख हवा. स्वतःच्या मोबाइलचा क्यूआर कोड व्हॉट्सॲपवर टाकून पुरासाठी पैसे जमवणारी पोरे उद्या कुणाच्या तक्रारीवर पोलीस ठाण्यात बसली, तर त्यांच्या नियतीची साक्ष कोण देणार? नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यातच पैसे घ्या. नोंदणी नसेल तर गणेश मंडळे घेतात तशी कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्या. ट्रस्टचा लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात जातो, अर्ज करून त्याची प्रत मागता येते. वक्फ संस्था असेल तर वक्फ मंडळाकडे विचारा. आणि सर्वांत सोपे काम: एका पानाचा हिशेब मराठीत आणि उर्दूत लिहून बुडालेल्या मोहल्ल्यातच चिकटवा. किती आले, कशावर गेले, किती शिल्लक. नावे लिहू नका, घेणाऱ्याची अब्रू आहे. जमले तर यादी करणाऱ्या समितीत त्या मोहल्ल्यातल्या दोन बायका घ्या, कोणाच्या घरात काय बुडाले ते त्यांना जेवढे माहीत असते तेवढे जमातीच्या सदरांना नसते.

डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूणचे लोक साखळी उपोषणाला बसले होते. मागणी होती वाशिष्ठीतला गाळ काढा. किट वाटणाऱ्या बहुतेक गाड्या तोवर कधीच परतल्या होत्या. गाळ काढायच्या मागणीसोबत फोटो काढायला कुणाला वेळ नव्हता, आणि पुढचा पूर तर त्या गाळावरूनच येणार होता.

जेवणानंतर आपण गटांत बसणार आहोत. मी एका ट्रस्टचा ताळेबंद आणला आहे, नाव झाकून. त्यात 'इतर राखीव निधी' अशी एक ओळ आहे. ती शोधा, सलग तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहा, आणि मग मला प्रश्न विचारा.