प्लास्टर निघाल्यानंतर



शाळेत दरवर्षी दोनचार मुलांचे हात गळ्यात बांधलेले असतात. प्लास्टर निघाले की आईबाप निश्चिंत होतात. आम्हां शिक्षकांची काळजी तेथून सुरू होते. कोपर सरळ होत नाही म्हणून कोणी मुलाला पहिलवानाकडे नेतात आणि जोराने चोळून घेतात. आपल्या हैदराबादेत तालमीतल्या उस्तादांना मान आहे, तो असावाही. पण नुकत्याच सांधलेल्या कोपराला असे चोळणे फार घातक. दुखावलेल्या स्नायूतच हाड धरू शकते आणि हात कायमचा अडतो. कोपर मुलाने स्वतःच्या बळाने, सोसेल तेवढे, हळूहळू हलवावे.

हलविल्यावाचून ठेवलेला स्नायू पहिल्या आठवड्यातच रोडावू लागतो, सांधा आखडतो. म्हणून मनगट प्लास्टरमध्ये असतानाही बोटे, कोपर आणि खांदा दिवसातून अनेकदा हलवावयाचे असतात. हे कोणी न सांगितल्यामुळे कित्येक भगिनींचे मनगट बरे होते, पण खांदा धरतो आणि वेणीफणी दुसऱ्याच्या हाती जाते.

पाय मुरगळला असेल तर सूज उतरल्यावर भिंतीजवळ एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा. पुनःपुन्हा मुरगळणे त्याने कमी होते. दुखणे किती सोसावे, असे पालक विचारतात. व्यायाम करताना थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमले तर हरकत नाही. सूज वाढली तर व्यायाम कमी करून डॉक्टरांना विचारावे.

अपंगांच्या पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था मुंबईस हाजीअली येथे १९५५ साली निघाली. आपल्या शहरातील पुल्लेला गोपीचंद यांचा गुडघा १९९४ साली पुण्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत जायबंदी झाला. त्यांनी ऑल इंग्लंड जिंकली ती २००१ साली. मधली वर्षे आम्ही मुलांना मुद्दाम मोजावयास लावतो.

इस्पितळाची प्रत्येक खेप म्हणजे कष्टकऱ्याची एक दिवसाची मजुरी, हे कोठीत राहणाऱ्यांना सांगावयास नको. त्यासाठी प्लास्टर काढतील त्याच दिवशी घरी करावयाचे व्यायाम डॉक्टरांकडून समजावून घ्यावेत आणि कागदावर लिहून आणावेत. तो कागद शाळेत द्यावा. कवायतीच्या तासाला अशा मुलाला कोपऱ्यात बसवून ठेवण्याची जुनी रीत आहे. तेवढ्या वेळात आम्ही त्याच्याकडून त्या कागदातले करून घेऊ, मुलींकडूनही.