शिकारीचा डाग आणि आपले दावे
(पाड्यावरच्या सभेतील भाषण)

आपलं रान मुंबईला लागून. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात चितळ, सांबर, भेकर अजून आहेत. रात्री शहराकडून गाडी येते, बत्तीच्या उजेडात जनावराचे डोळे चमकतात, बार होतो, गाडी निघून जाते. सकाळी चौकशी कुणाच्या घरात? आपल्या. भिंतीवर आज्याची जुनी वाघूर दिसली, की झालो आपण शिकारी!

खरं तेच बोलू. आपल्या आज्या-पणज्यांनी ससा, तितर, रानकोंबडी धरली. पोटासाठी धरली, वाटून खाल्ली. त्यात लपवायचं काही नाही. पण 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. 2006च्या वनहक्क कायद्यानं जमीन, मध, डिंक, मासळी यांवरचे हक्क मानले. शिकारीचा हक्क मात्र कलम 3 मध्येच वगळलाय. "आता मोकळीक आहे" असं कुणी सांगितलं तर फसू नका. शहरातलं गिऱ्हाईक भेकरासाठी पैसे मोजेल, पण पकडला जाईल पाड्यावरचा पोरगा. आणि बोट दाखवतील सगळ्यांच्या दाव्यांकडे.

त्याच कायद्याचं कलम 5 वन्यजीव राखायचा अधिकार ग्रामसभेला देतं. तो वापरू. राखणीची समिती निवडू. गाडीचा नंबर, तारीख, वेळ वहीत लिहू. तक्रार लेखी देऊ, पोच घेऊ. रानातले फासे आपणच काढू.

रान आपण राखतो, हे कागदावरही दिसलं पाहिजे.

जोहार!