खांद्यापासून बोटांपर्यंत

पन्हाळा तालुक्यातलं कोडोली म्हणजे वारणा खोऱ्यातला ऊसपट्टा. कोयता चालवणारे, म्हशीची धार काढणारे हात इथं घरोघरी. ते दुखायला लागले की एक्स-रेची घाई होते. खरं तर बरंचसं निदान तपासणाऱ्याच्या हातालाच लागतं.

सदरा काढून दोन्ही खांदे शेजारी ताडून बघायचे. मग हात तुम्ही स्वतः वर न्यायचा, नंतर डॉक्टर नेतात. दोन्ही वेळा अडला, त्यातही कोपर अंगाला चिकटवून पंजा बाहेर वळेना, तर बहुधा खांदा आखडलाय. अशा वेळी रक्तातली साखर तपासाच. मधुमेहात हे जास्त दिसतं. डॉक्टरांनी नेल्यावर मात्र सहज गेला, तर संशय खांद्याच्या स्नायूबंधांवर.

कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दाबून दुखलं आणि मनगट वर उचलताना रोखल्यावर तिथंच कळ आली, तर तो टेनिस एल्बो. रॅकेट कधी न धरलेल्यांनाही होतो बरं का!

मनगट मिनिटभर खाली दुमडून धरलं आणि अंगठा, तर्जनी, मधल्या बोटात मुंग्या आल्या, तर मनगटात नस दबत असावी. करंगळी यातून सुटते. रात्री हात झटकत उठत असाल, तर तेही डॉक्टरांना सांगा.