वाचनालयाचा रेडिओ आणि त्याचे सहा व्हॉल्व्ह
(हीरक महोत्सवी सप्ताहात न्यासाच्या वाचनालयात झालेले भाषण)



महोत्सवाच्या तयारीत निकामी सामानाची यादी झाली, तेव्हा वाचनालयातील रेडिओ तीत वरच्या क्रमांकावर होता. विश्वस्तांनी तो मोडीत न घालता शाळेतील आम्हां विज्ञानशिक्षकांच्या व दहावीच्या मुलांच्या हवाली केला. त्या कामाचा हिशेब देण्यास आम्ही उभे आहोत.

आपल्या हैदराबादेत डेक्कन रेडिओ १९३५ साली सुरू झाला आणि १९५० साली तो आकाशवाणीत सामील झाला. १९५७ साली विविध भारती आली. ह्याच संचाभोवती बसून आपल्या वडीलधाऱ्यांनी निवडणुकांचे निकाल ऐकले, ईदच्या चांदाची बातमी ऐकली आणि दिवाळीच्या पहाटेचे कीर्तनही ऐकले.

ह्या यंत्राचा प्राण म्हणजे व्हॉल्व्ह. हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीत धातू तापवला की त्यातून इलेक्ट्रॉन निघतात. फ्लेमिंग ह्यांनी १९०४ साली अशी नळी केली. ली डी फॉरेस्ट ह्यांनी १९०६ साली तीत जाळी बसवली, आणि पुढे दुबळा संदेश बलवान करण्याची वाट सापडली. १९४७ साली ट्रान्झिस्टर जन्मला व हळूहळू व्हॉल्व्हचे राज्य संपले. एके काळी बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्सही रेडिओचे व्हॉल्व्ह बनवीत असे. आता जुना साठा शोधणे एवढेच हाती उरते.

आपल्या संचात सहा व्हॉल्व्ह आहेत: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८० आणि हिरवा डोळा म्हणून आपण ज्याला ओळखता तो ईएम ८०. ह्या नावांत अर्थ भरलेला आहे. 'ई' म्हणजे तापतार ६.३ व्होल्टची. म्हणून ईएल ८४ च्या जागी यूएल ८४ चालत नाही; त्याच्या तारेला ४५ व्होल्ट लागतात. उलट अमेरिकन ६बीक्यू५ हा ईएल ८४ चाच जुळा भाऊ, आणि ६एजे८ म्हणजे ईसीएच ८१. ईझेड ८० ऐवजी ईझेड ८१ खाचेत बसतो, परंतु त्याची तार ०.६ ऐवजी १ अँपियर खाते. ट्रान्सफॉर्मरला तो भार पेलेल की नाही, हे आधी पाहावे लागते. मुलांनी हे कोष्टक वहीत उतरवले, तेव्हा कुठे बाजारात जाण्यात अर्थ आला.

कोठीची गुजराती गल्ली झाली, जुमेरात बाजार झाला; एक पालक मुंबईस गेले असता लॅमिंग्टन रोडही पाहून आले. ईएल ८४ मिळण्यास अडचण पडली नाही, कारण गिटारच्या अँप्लिफायरांसाठी तो परदेशांत आजही बनतो. ईसीएच ८१ साठी मात्र पायपीट झाली. एका दुकानात कोऱ्या खोक्यातून जुनाच व्हॉल्व्ह पुढे आला. काचेच्या आतला रुपेरी डाग दुधासारखा पांढरा पडलेला होता. आत हवा शिरल्याची ती खूण. मुलीने तो पाहताक्षणी परत केला. ते पाहून आम्हांस धन्यता वाटली.

अखेर कोठीतील एका वृद्ध कारागिरांनी आपल्या कपाटातून ईसीएच ८१ काढून दिला. परंतु तो लगेच बसवू दिला नाही. ते म्हणाले, "बेटा, पहिला का मेला ते विचारा, मग दुसरा बसवा." ईएल ८४ च्या दुसऱ्या पायावर मीटर लावला, तो धन व्होल्ट दिसले. आधीच्या टप्प्यावरून येणारा कागदी कंडेन्सर गळत होता. तो तसाच ठेवला असता, तर नवा व्हॉल्व्हही तापून गेला असता. कंडेन्सर बदलले, १०० वॅटचा दिवा सरीत लावून संच चालू केला, आणि मग आवाज आला.

घरी कोणी असा प्रयोग करू पाहील, त्याने ध्यानात ठेवावे: आत अडीचशे व्होल्टच्या घरात दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही तो कंडेन्सरांत टिकून राहतो. जाणत्या माणसावाचून मागची फळी काढू नये.

हिरवा डोळा अद्याप मंद आहे. चांगला ईएम ८० मिळालेला नाही. मध्यम लहरींवर पूर्वीइतकी केंद्रेही आता लागत नाहीत. मग एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न रास्तच आहे. संचाच्या मागे ग्रामोफोन जोडण्याची खोबण आहे. तीतून न्यासाच्या जुन्या समारंभांच्या ध्वनिफिती ह्याच संचावर ऐकता येतील, हा एक उपयोग. दुसरा अधिक मोठा आहे. ते कारागीर दिवाळीनंतर दुकान बंद करीत आहेत. त्यांचे व्हॉल्व्हचे कपाट भंगारात जाईल, आणि त्यांच्या हातातली विद्याही त्याबरोबर जाईल.

न्यासाला आमची विनंती अशी की, ते कपाट योग्य मोल देऊन घ्यावे, आणि दर रविवारी दोन तास त्या गृहस्थांना मानधन देऊन येथे बोलवावे. आठ मुलांनी आत्ताच नावे दिली आहेत. त्यांत पाच मुली आहेत. आणि आपणां सर्वांस विनंती की, माळ्यावरचा जुना रेडिओ भंगारवाल्यास देण्यापूर्वी एकदा आम्हांस दाखवावा. व्हॉल्व्हवरची अक्षरे मात्र पुसू नयेत. ओल्या फडक्याने ती चटकन जातात आणि मग त्याची ओळख पटवणे जड जाते.