डोळे पिवळे झाले, पण दोष कुणाचा?

मंडळी, यकृतावर बोलायला उभा आहे, तरी बोदलकशात मी सुरुवात रक्तापासून करणार. आपल्या गोंदिया जिल्ह्यात एखाद्या पोराचे डोळे पिवळे दिसले, की दुखणं यकृताचंच आहे असं धरून चालता येत नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. सिकलसेलच्या रुग्णाची बहुधा दहा-वीस दिवसांत फुटते. त्यातल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य बनतं. ते पित्तावाटे बाहेर टाकणं यकृताचं काम. पण भार एवढा वाढला की धडधाकट यकृतही मागे पडतं.

म्हणून रिपोर्ट हातात आला की नुसतं एकूण बिलिरुबिन बघू नका. ते तीन-चार असेल, त्यातलं बहुतेक 'इनडायरेक्ट', म्हणजे यकृताने अजून न हाताळलेलं, असेल आणि यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी ठीक असेल, तर डॉक्टरांना सिकलसेलच्या तपासणीबद्दल विचारा. आधी सोल्युबिलिटी, मग इलेक्ट्रोफोरेसिस. सोबत थंडी-ताप असेल तर मलेरियासाठीही रक्त तपासून घ्या. सिकलसेलच्या रुग्णांना पित्ताशयात खडे होतात. खडा नळीत अडकला तर 'डायरेक्ट', म्हणजे यकृताने हाताळलेलं, बिलिरुबिन चढतं. तेव्हा पोटाची सोनोग्राफी हवी.

आता एसजीओटी, एसजीपीटी. यकृताच्या पेशींना इजा झाली की हे पदार्थ रक्तात उतरतात. इजा किती चालू आहे ते त्यावरून कळतं. यकृत काम किती करतंय ते कळत नाही. त्यासाठी अल्ब्युमिन बघावं लागतं आणि रक्त गोठायला लागणारा वेळ. एसजीओटी तर स्नायूंतही असतं, रोवणीत अंग मोडून काम केलं तरी वाढू शकतं. उलट वर्षानुवर्षं मोहाची दारू पिणाऱ्या माणसाचं यकृत कडक होऊन गेलेलं असतं, पोटात पाणी भरलेलं असतं, आणि एसजीपीटी मात्र नॉर्मल येऊ शकतं. तो रिपोर्ट दाखवून 'मला काही झालं नाही' म्हणणाऱ्या माणसाची मला फार काळजी वाटते.

दूषित पाण्यातून येणारी अ आणि ई कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. गळ्यात घातलेल्या माळेला त्याचं श्रेय मिळतं. माळ घालायची तर घाला, पण हातावर डाग देऊ नका, आणि माळेच्या भरवशावर तपासणी लांबवू नका. झोप उलटली, बोलणं असंबद्ध झालं, हिरड्यांतून रक्त आलं, तर यकृत हात टेकत आहे असं समजा.

एका बाबतीत तर अशा खुणांचीही वाट पाहू नये. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ई कावीळ झाली तर जीव जाण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. तिचे डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी तिरोड्याच्या दवाखान्यात न्या, आणि तिथून सांगितलं तर गोंदियाच्या बाई गंगाबाई रुग्णालयात.