जावानीज : दरबारची आणि गावाकडची

इंडोनेशियाच्या जावा बेटावर, मध्य आणि पूर्व भागात, सहा कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा जावानीज आहे. राष्ट्रभाषेचा मान मात्र तिला नाही. तो मलय भाषेतून घडलेल्या इंडोनेशियनला मिळाला.

मादागास्करपासून हवाईपर्यंत पसरलेल्या ऑस्ट्रोनेशियन कुळातली ही भाषा. या कुळात क्वचितच आढळणारा ‘द’ आणि ‘ड’ यांतला भेद ती काटेकोर पाळते. जीभ दातांना लावून ‘वदी’ म्हटलं, तर अर्थ होतो घाबरलेला. जीभ मागे वळवून ‘वडी’ म्हटलं, तर वाळू. तिथल्या ब, द, ग या व्यंजनांत कंठाचा कंप जवळजवळ नसतो. त्यांच्या पुढचा स्वरच जरा सैल आणि श्वासमिश्रित उमटतो. त्यावरून ऐकणारा ‘ब’ आणि ‘प’ वेगळे ओळखतो.

सुराकार्ता आणि योग्याकार्ता इथल्या राजदरबारांची बोली प्रमाण ठरली. तिच्यात शब्दाच्या शेवटचा ‘आ’ हा ‘ऑ’ होतो. भाताला तिथे ‘सगॉ’ म्हणतात. पश्चिमेकडच्या बन्युमासमध्ये ‘सगा’. तिकडे शेवटचा ‘क’ही खणखणीत उच्चारतात, दरबारी बोलीत तो गळ्यातच अडतो. म्हणून बन्युमासी बोलीला ‘ङापाक’ म्हणतात आणि तिला गावंढळ समजून हसतात. खरं तर हा ‘आ’ प्राचीन जावानीजमधला आहे. ज्याला हसतात, तोच उच्चार अधिक जुना आहे!

दरबारांनी आदराच्या पायऱ्याही घट्ट केल्या. बरोबरीच्यांशी ‘ङोको’, वडीलधाऱ्यांशी ‘क्रामा’. क्रामात भाताचा शब्दच बदलतो, ‘सकुल’ होतो. शहरातल्या अनेक तरुणांना ही क्रामा नीट येत नाही. आजोबांसमोर चुकीचा शब्द गेला तर अपमान होईल, या धास्तीनं ते सरळ इंडोनेशियनमध्ये बोलतात. एवढी मोठी भाषा घराघरांत मागे सरते आहे, त्यामागे हा संकोचही आहे.

भाषेचं सौंदर्य तिच्या शिष्टाचारात आहे, हे मला मान्य आहे. पण शिष्टाचाराच्या भीतीनं मुलं गप्प बसणार असतील, तर आधी त्यांना चुकतमाकत बोलू द्यावं आणि गावाकडच्या उच्चाराला हसणं थांबवावं. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या आपल्या घरांनाही माझी हीच विनंती आहे.